बहिणीचा गुडघा, कबड्डी आणि 'परत कधी खेळणार?'

मध्यरेषा | ९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायची वेळ आली.

धाकटी बहीण १९ वर्षांची, कॉलेजच्या संघात चढाईपटू. गाव सांगली जिल्ह्यात, पलूसच्या बाजूला. गेल्या महिन्यात स्पर्धेत बोनस घेऊन मागे वळताना तिचा डावा पाय मॅटवर तसाच राहिला आणि अंग तेवढं फिरलं. कोणी धरलंही नव्हतं तिला. 'कट्' असा आवाज झाला, तो तिने स्वतः ऐकला. दोन मिनिटं बसली, पाणी प्यायली आणि पुन्हा मैदानात गेली (हो, गेली!). संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

दुसऱ्या दिवशी वडील हाडवैद्याकडे घेऊन गेले. 'शीर चढलीय' म्हणून त्यांनी पाय ओढला, पाल्याचा लेप लावून घट्ट पट्टी बांधली. पंधरा दिवसांत सूज उतरली, सगळे खूश. मग कॉलेजचा जिना उतरताना गुडघा असा काही सटकला की कठडा धरला म्हणून वाचली. मग ऑर्थो, मग एमआरआय. रिपोर्ट: एसीएल (नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधणारी दोरी) पूर्ण तुटलेलं, आतल्या बाजूची गादीही (दोन हाडांमधली चकती) फाटलेली.

आता घरात तीन पक्ष आहेत. डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून ऑपरेशन. कोच म्हणतात मांडी मजबूत कर, पट्टा बांध, जानेवारीत निवड चाचणी आहे. आई म्हणते कबड्डीच बंद. बहिणीचा जीव राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रात अडकलाय, कारण सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि तिला पोलिसात जायचंय.

इथे कोणी फिजिओ किंवा यातून गेलेलं आहे का?

खारट_शेंगदाणा | ९ नोव्हेंबर

ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका. माझ्या मावसभावाचं एसीएल २०१५ पासून तुटलेलं आहे, मस्त फिरतो.

पेठेतला_पाहुणा | ९ नोव्हेंबर

@खारट_शेंगदाणा, मावसभाऊ काय खेळतो?

खारट_शेंगदाणा | ९ नोव्हेंबर

कॅरम.

वाटीवाली_फिजिओ | १० नोव्हेंबर

कॅरमवर हसून झालं असेल तर लिहिते. :) पण शेंगदाणा अगदीच चुकलेले नाहीत, त्यावर खाली येते. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, चौदा वर्षं खेळाडूंचेच गुडघे-खांदे बघते. गुडघ्याला हात न लावता इथे निदान करता येत नाही, तेव्हा हे सल्ल्यापेक्षा समजून घेण्यासाठी वाचा.

पहिली गोष्ट. तुम्ही जे सांगितलंत त्यातच ऐंशी टक्के तपासणी झाली. कोणाचा धक्का नाही, पाय रोवलेला, अंग वळलेलं, आवाज आला, काही तासांत गुडघा टम्म. एवढ्या लवकर सूज येते तेव्हा सांध्यात बहुतेक वेळा रक्त उतरलेलं असतं. साध्या मुरगळण्याची सूज सावकाश, दुसऱ्या दिवशीपर्यंत चढते. म्हणून कोणी 'गुडघा दुखतोय' म्हणून आलं की मी आधी विचारते: कसा पाय होता, आवाज आला का, सूज किती वाजता आली, त्यानंतर खेळलात का, जिना उतरताना भरवसा वाटतो का. निम्मे लोक वैतागतात. 'मॅडम, गुडघा बघा ना!'

मग गुडघा. आधी चांगला, मग दुखरा, कारण कोणाचे सांधे मुळातच सैल असतात, कोणाचे घट्ट. एसीएलसाठी आमची भरवशाची चाचणी लॅकमन. गुडघा २०-३० अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. चांगल्या गुडघ्यात नडगी जराशी सरकते आणि टक्कन थांबते, जशी कुत्र्याची साखळी संपते तशी. तुटलेल्यात ते थांबणंच येत नाही, सगळं लिबलिबीत लागतं. हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही. मला पहिल्या वर्षभरात दहादा चुकल्यावर हाताला कळला.

पण हीच चाचणी दुखापतीच्या दुसऱ्या दिवशी फसवते. वेदनेने मांडीमागचे स्नायू आवळलेले असतात आणि ते नडगीला मागेच ओढतात. एसीएलही तेच करतं. म्हणजे दोरी तुटलीय पण माणसं धरून उभी आहेत! अशा वेळी 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवलेले गुडघे मी भरपूर पाहिलेत. आठ-दहा दिवसांनी सूज ओसरली की पुन्हा तपासावंच लागतं.

हाडवैद्याबद्दल एकच बोलते. सूज त्यांच्या लेपाने उतरली असं घरच्यांना वाटतं, पण सांध्यातलं रक्त तसंही दोन-तीन आठवड्यांत शोषलं जातं. तुटलेल्या लिगामेंटच्या गुडघ्याला ओढाताण केली की गादीवर भार येतो. कोणाला दोष देत नाही, फक्त पुन्हा नेऊ नका.

आता ऑपरेशन. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन आणि पुनर्वसन, उरलेल्यांना आधी नुसतं पुनर्वसन आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फारसा फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच ऑपरेशन लागलं. तेव्हा 'एमआरआयमध्ये तुटलंय म्हणजे उद्याच टेबलावर' हे खरं नाही. पण त्यात व्यावसायिक पातळीचे खेळाडू नव्हते. कबड्डीची चढाई म्हणजे ३० सेकंदांत पाच-सहा वेळा रोवून वळणं, त्यात कोपऱ्यातली मुलगी घोटा धरायला टपलेली. शिवाय तिचा गुडघा जिन्यावर सटकतोय आणि गादी फाटलीय. प्रत्येक सटकण्यागणिक ती गादी थोडी आणखी फाटू शकते. माझ्या बहिणीचा गुडघा असता तर मी ऑपरेशनकडे झुकले असते. पण घाईने नाही.

पट्टा बांधून जानेवारीत खेळणं? नाही. पट्टा वळणं रोखत नाही, फक्त धीर देतो. या गुडघ्याला खोटा धीर नको.

मध्यरेषा | १० नोव्हेंबर

खूप आभार ताई. साखळीचं उदाहरण बहिणीला वाचून दाखवलं, म्हणाली 'डॉक्टरांनी ओढला तेव्हा तसंच झालं'. घाईने नाही म्हणजे काय? तोवर काय करायचं? सध्या ती झोपताना गुडघ्याखाली उशी घेते, त्याशिवाय दुखतं म्हणते. पाय पूर्ण सरळ होत नाही.

वाटीवाली_फिजिओ | १० नोव्हेंबर

उशी काढा. आज रात्रीच.

वाकलेल्या गुडघ्यात सूज मावते म्हणून बरं वाटतं. पण गुडघा तसाच वाकलेला आखडतो आणि आखडलेल्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं तर नंतर सरळ करणं महाकठीण. चांगले सर्जन स्वतःच सांगतात, आधी गुडघा सरळ, शांत आणि मांडी जागी करून आण. (ऑर्थोंना एकदा विचारा, गादीचा तुकडा सांध्यात अडकलेला नाही ना. गुडघा कुलूप लागल्यासारखा अडकत असेल तर गणित बदलतं, मग थांबायचं नाही.)

अडकत नसेल तर:

टाच गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवा, गुडघा अधांतरी. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. मोबाइल बघत बसली तरी चालेल, फक्त पाय बाहेर फिरू द्यायचा नाही.

मग गुडघ्याखाली छोटी घडी ठेवून ती दाबायची, मांडी आवळून. वाटीच्या वरच्या आतल्या बाजूचा स्नायू हाताला दगडासारखा लागला पाहिजे. पहिले काही दिवस लागणार नाही. मुली रडकुंडीला येतात, 'मॅडम, मी सांगतेय पण मांडी ऐकतच नाहीये'. ते खरं असतं. सांध्यात पाणी असलं की मेंदू त्या स्नायूचा फ्यूज काढून ठेवतो. आळस नव्हे तो. दोन आठवड्यांत मांडी सुकलेली दिसते ती त्यामुळेच.

आणि शिंप्याच्या टेपने वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजून वहीत लिहून ठेवा. तारखेसकट. पुढे वर्षभर ही वही लागेल.

पेठेतला_पाहुणा | ११ नोव्हेंबर

मुद्द्याचा प्रश्न: बर्फ की शेक? आमच्या क्रीडा शिक्षकांनी आयुष्यभर 'आराम, बर्फ, दाब, उंची' घोकून घेतलं.

झुळूक | ११ नोव्हेंबर

आंबेहळद आणि तुरटी. संपला विषय.

लीड्सकर | ११ नोव्हेंबर

संपला नाही. :) इथे इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यात फिजिओ आहे, मूळचा मिरजेचा.

आराम-बर्फ-दाब-उंची हे सूत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने रूढ केलं. गंमत म्हणजे २०१४ मध्ये त्यानेच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. सूज ही शरीराची दुरुस्ती टोळी असते, तिला दारातच अडवायचं कशाला, असा विचार. २०१९ पासून नवीन सूत्र चालतं, त्यात पहिले एक ते तीन दिवस जपायचं, दाबपट्टी, पाय उंच, आणि मग लवकरात लवकर हळूहळू भार द्यायचा. बर्फाला त्यात जागाच नाही.

व्यवहारात मी काय सांगतो? दुखत असेल तर दहा-पंधरा मिनिटं फडक्यातून बर्फ लावा, वेदना कमी होते आणि व्यायाम करता येतो. तेवढंच त्याचं काम. ताज्या सुजेवर शेक मात्र नको, आणि चोळणं तर नकोच. आंबेहळदीने त्वचा पिवळी होते, त्यापलीकडे माझं काही म्हणणं नाही.

जुनी_खेळाडू | १२ नोव्हेंबर

मध्यरेषा, बाळा, मी १९८६ मध्ये मातीवर खेळायचे. पकडीत गुडघा गेला. तेव्हा एमआरआय कुठला आणि फिजिओ कुठला. तीन आठवडे घरी बसले, मग पुन्हा खेळले. दर महिन्या-दोन महिन्यांनी गुडघा सटकायचा, मी हाताने दाबून बसायचे, 'जागेवर आला' म्हणायचे आणि पुढची चढाई करायचे. मैत्रिणींना कौतुक वाटायचं. लग्नानंतर खेळ सुटला. पंचेचाळिसाव्या वर्षी गुडघा झिजला म्हणून कळलं, आणि तेव्हा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, तरुणपणी काही लागलं होतं का?

आज जिना उतरताना उलटी उतरते, कठड्याकडे तोंड करून. नातू हसतो.

आईला सांग, कबड्डीने नाही गेला माझा गुडघा. सटकत्या गुडघ्याने खेळत राहिले म्हणून गेला.

वाटीवाली_फिजिओ | १२ नोव्हेंबर

काकू, तुमचा प्रतिसाद मी क्लिनिकमध्ये छापून लावणार आहे, परवानगी द्या. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. एसीएल तुटलेल्या गुडघ्याला पुढे झिजेचा धोका ऑपरेशन केलं तरी राहतोच. ऑपरेशन म्हणजे विमा नव्हे. गादी वाचवणं आणि मांडी आयुष्यभर मजबूत ठेवणं, एवढं आपल्या हातात.

धावरा_सातारकर | १३ नोव्हेंबर

धाग्यात घुसतोय, माफी. यवतेश्वर घाट उतरताना काल घोटा आत वळला. बाहेरून सुजलाय, निळा पडलाय. एक्स-रे काढू का? टेकवतो, लंगडत चालतो.

वाटीवाली_फिजिओ | १३ नोव्हेंबर

यासाठी १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावात केलेले साधे नियम आहेत, इमर्जन्सीत आजही तेच वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडांची टोकं आहेत त्यांची मागची कड, खालचे ६ सेंटिमीटर, बोटाने दाबा. नेमकं हाडावर दुखतं का? करंगळीच्या मागे, पायाच्या बाहेरच्या कडेला मधोमध हाडाचा उंचवटा आहे, तिथे? पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढच्या छोट्या हाडावर? आणि लागल्या लागल्या व आत्ता, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली का, लंगडत का होईना? हाडावर दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील तर फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी, एक्स-रेची घाई नाही. यातल्या एका जरी ठिकाणी हाडावर दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत तर काढा.

आणि घोटा 'आपोआप बरा होतो' म्हणून सोडू नका. एका पायावर उभं राहून दात घासा, रोज, दोन्ही वेळा. हसू नका, तोल परत आणायचा यापेक्षा स्वस्त व्यायाम मला माहीत नाही. बाकी वेगळा धागा काढा, नाहीतर इथला गुडघा हरवेल.

शाळेचा_डबा | १३ नोव्हेंबर

मीपण घुसते. मुलगा १३, फुटबॉल खेळतो, वाटीच्या खाली नडगीवर टेंगूळ आलंय, दाबलं की दुखतं. कोणी ट्यूमर म्हणालं, झोप उडालीय.

लीड्सकर | १३ नोव्हेंबर

वयात येणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत हे फार दिसतं. हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू जिथे नडगीला चिकटतो तिथली कोवळी जागा ओढली जाते. बहुतेक वेळा खेळ कमी करून, बंद न करता, निभावतं. पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, किंवा न खेळताही वाढत जाणारं टेंगूळ असेल तर डॉक्टर, लगेच. नसेल तरी एकदा दाखवून घ्या आणि झोपा.

मध्यरेषा | २६ डिसेंबर

धागा वर काढतोय. गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. त्याआधी पाच आठवडे तिने टॉवेल आणि मांडीचे व्यायाम केले. पाय दुसऱ्यासारखा सरळ झाला, तेव्हाच डॉक्टरांनी तारीख दिली. मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन नवं लिगामेंट केलंय आणि गादीला टाके घातलेत. गादीमुळे सहा आठवडे कुबड्या आणि ९० अंशांपलीकडे वाकवणं बंद.

दोन प्रश्न. एक, घरी भारतीय संडास आहे. दोन, जवळच्या गावात एका ठिकाणी फिजिओ लावली. वीस मिनिटं शेक, वीस मिनिटं करंट, शेवटी पाच मिनिटं 'पाय उचल' आणि दोनशे रुपये. बरोबर आहे का हे?

वाटीवाली_फिजिओ | २६ डिसेंबर

गादीला टाके घातलेत ही चांगली बातमी, कापून टाकली नाही. पण टाके म्हणजे उकिडवं बसणं आणि मांडी घालणं साधारण चार महिने बंद, नेमकी मुदत सर्जनला विचारा. संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते, भाड्यानेही. पाटावर जेवायला बसायचं नाही, आजी रागावल्या तरी.

पोटरी दुखून सुजली, लाल झाली, किंवा धाप लागली तर व्यायाम सोडून थेट दवाखाना. रक्ताची गाठ असू शकते.

करंटचं दोन प्रकारे बघा. मांडीवर पॅड लावून स्नायू दिसेल इतका आवळणारा करंट सुरुवातीच्या आठवड्यांत खरंच उपयोगी, फ्यूज गेलेली मांडी जागी करतो, मात्र तिने त्याच वेळी स्वतःही मांडी आवळली पाहिजे. नुसत्या मुंग्या आणणारा करंट वेदनेवर जरा फुंकर घालतो, बस. तासाभरात व्यायाम पाच मिनिटं असेल तर तुम्ही मशीनच्या विजेचं बिल भरताय. विचारा त्यांना: आज गुडघा किती अंश वाकला, किती सरळ झाला, वहीत कुठे लिहिलंत? मोजत नसतील तर दोन आठवड्यांतून एकदा सांगलीला चांगल्या व्यक्तीकडे जा आणि बाकी घरी करा. एसटीचं भाडं वसूल होईल.

मध्यरेषा | २८ डिसेंबर

विचारलं. 'तुम्ही डॉक्टर आहात का' असं उत्तर आलं. सांगलीला जातोय.

मध्यरेषा | १८ मे

पाच महिने झाले. सूज नाही, दुखत नाही, हळू पळते, गावातल्या जिममध्ये लेग प्रेस करते. मांडीचा घेर ऑपरेशननंतर ४ सेंटिमीटर कमी होता, आता दीड. (वही चालू आहे ताई!) अडचण वेगळीच. तिला वाटतंय ती बरी झाली. कोच उन्हाळी शिबिराला बोलावतायत, 'नुसत्या हलक्या चढाया'. ऋषभ पंत खेळतोच की, असंही म्हणतात.

लीड्सकर | १८ मे

पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, आयपीएलमध्ये परतला मार्च २०२४ मध्ये. पंधरा महिने! आणि दिमतीला दिवसभर तज्ज्ञांची फौज. कोचना तारखा सांगा. आपल्या बीडच्या अविनाश साबळेचा गुडघा जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत गेला, तर त्याला टोकियोची जागतिक स्पर्धाच सोडावी लागली. त्या पातळीवर कोणी 'हलकी शर्यत' म्हणत नाही.

पाचवा महिना सर्वांत फसवा. दुखणं गेलेलं असतं, पण आत बसवलेली दोरी अजून लिगामेंट झालेली नसते. ती आधी मऊ पडते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, मग धागे नव्याने लागतात. वर्षभराहून जास्त चालतं हे. बाहेरून काहीच दिसत नाही.

२०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा १०६ जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. नवव्या महिन्यापर्यंत, परतणं लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने घटत गेलं. ताकद आणि उड्यांच्या चाचण्या पास न होता परतले त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत, पास होऊन परतले त्यांच्यात साडेपाच टक्के. माणसं थोडी आहेत, मान्य. पण मी माझ्या पेशंटला या दोन आकड्यांपलीकडे काही सांगत बसत नाही.

खारट_शेंगदाणा | १८ मे

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. कॅरमपुरता ठेवतो.

वाटीवाली_फिजिओ | १९ मे

कोचशी भांडू नका, त्यांना काम द्या. शिबिरात तिला श्वास आणि दम यांचा सराव करू दे, खांदे-पाठ-पोटाचे व्यायाम करू दे, बसून बाकीच्यांच्या चढायांचा व्हिडिओ काढू दे. मैदानापासून तुटली की मुली घरी कुढतात आणि मग एक दिवस गुपचूप जाऊन खेळतात. समोर कोणी नसताना सरळ पळणं आणि दोन पायांवर उडी मारून मऊ उतरणं, गुडघे आत पडू न देता, एवढं तिच्या सांगलीच्या फिजिओला विचारून सुरू करा. वळणं नाही, चढाई नाही, 'हलकी' तर अजिबात नाही. हलकी चढाई ही जगात नसलेली वस्तू आहे.

मध्यरेषा | २५ ऑक्टोबर

दहा महिने झाले. मधल्या काळात वळणं, झिगझॅग, मग एकटीनेच मॅटवर पदलालित्य, असं टप्प्याटप्प्याने झालं. काल शाळेच्या व्हरांड्यात सांगलीच्या मॅडमनी परीक्षा घेतली. फरशीवर खडूने रेघ, भिंतीला टेप चिकटवलेली. एका पायावर उडी, त्याच पायावर उतरून हलायचं नाही. उजवा १४२ सेंटिमीटर, डावा १३३. लागोपाठ तीन उड्यांतही असंच. उजव्याच्या ९० टक्के पाहिजे होते, ते आले, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग जिममध्ये लेग एक्स्टेन्शनवर एकेका पायाने दहा वेळा कमाल किती उचलते ते बघितलं. उजवा साडेसत्तावीस किलो, डावा साडेबावीस. मॅडमनी वही मिटली, 'अजून नाही'.

बहीण घरी येईपर्यंत बोलली नाही. उडी पास आणि मशीन नापास, हे कसं?

लीड्सकर | २५ ऑक्टोबर

मॅडमना माझा नमस्कार सांगा. उडी कमरेच्या आणि घोट्याच्या जोरावरही मारता येते, शरीर लबाड आहे, गुडघ्याची चोरी झाकतं. मशीनवर मांडी एकटी पडते, तिथे लपायला जागा नसते. साडेबावीस भागिले साडेसत्तावीस म्हणजे ८२ टक्के. आणखी एक, उजवा पायही वर्षभर पूर्ण खेळलेला नाही, म्हणजे तुलना मुळात कमजोर झालेल्या पायाशी आहे. म्हणून ९० हा काठ समजा, तिथे पोचून थांबायचं नाही.

दोन-तीन महिने जड वजनाने, आठवड्यातून दोन-तीनदा, एकेका पायाने. भरून निघतं हे.

वाटीवाली_फिजिओ | २६ ऑक्टोबर

ताकदीचं लीड्सकर बोलले. मला दुसरंच विचारायचंय. कोणी घोटा धरला तर काय होईल, असं तिला विचारलंत का कधी?

मध्यरेषा | २६ ऑक्टोबर

आत्ता विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, रात्री स्वप्नात कोपऱ्यातली मुलगी पाय धरते आणि तो आवाज येतो.

वाटीवाली_फिजिओ | २६ ऑक्टोबर

हे ८२ टक्क्यांइतकंच महत्त्वाचं आहे, आणि यासाठी प्रश्नावलीसुद्धा असते, बारा प्रश्नांची. घाबरलेली चढाईपटू पाय अर्धवट टाकते आणि तशीच सापडते.

सांगलीच्या मॅडमना दाखवून मगच करा: घोट्याला टॉवेल बांधायचा, दुसरं टोक तुमच्या हातात. ती उभी. तुम्ही हळू ओढायचं, तिने गुडघा किंचित वाकवून, पाऊल न रोवता, कंबर खाली नेऊन मागे सरकायचं. आधी सांगून ओढा. आठवड्याने न सांगता. मग चालताना. मग मॅटवर. खरी माणसं सगळ्यांत शेवटी, आणि तीही मशीन पास झाल्यावर.

जुनी_खेळाडू | २७ ऑक्टोबर

निवड चाचणी पुढच्या वर्षीही असते ग म्हणावं. मी वाट बघतेय.

मध्यरेषा | ११ नोव्हेंबर

मॅडमनी टॉवेलला होकार दिला. दोन आठवडे झाले, रोज संध्याकाळी अंगणात चालू आहे. पहिल्या दिवशी नुसता टॉवेल ताणला तर ओरडून खाली बसली. काल मी न सांगता ओढला, तर पाय सोडवून घेऊन वर मलाच म्हणते, 'दादा, जरा जोरात ओढ की!' ओढला. टॉवेल फाटला. आईचा पाहुण्यांसाठी ठेवलेला होता, ते आम्हाला नंतर कळलं.

डावा पाय आता चोवीस किलोवर आहे.